एका घरातून एक हरकत

सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर सांगता सांगता मला कुठेतरी पळवाट सापडेल. मूळ चूक माझी होती. मुक्ताने फक्त माझं ऐकलं.

मी विद्या. डब्लिनपासून साडेचार तासांवर ट्रली आहे, तिथल्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे, बारा वर्षं झाली. फटकळ आहे, हे मला माझ्या आईपासून ते वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. मुक्ता, माझी मैत्रीण, माझ्या अगदी उलट. ही बाई समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत तोंड उघडत नाही. पुण्याहून कॉर्कला एमएससी करायला आली, मायक्रोबायॉलॉजी. मग इंद्रनीलशी लग्न झालं. तो सॉफ्टवेअरमधला, आठवड्यातून दोन दिवस लिमरिकला ऑफिस, बाकी घरून. दोघांनी ट्रलीपासून पस्तीस किलोमीटरवर एका खेड्यात घर घेतलं. खेडं म्हणजे काय, एक चर्च, एक शाळा आणि एक पब, तोही गुरुवार ते रविवार उघडा. मी म्हटलं होतं, अगं डब्लिनजवळ सिटीवेस्टला घे, चार मराठी तोंडं तरी दिसतील. ती म्हणाली, "इथलं पाणी पिऊन बघ आधी."

त्या पाण्याचं सांगायलाच हवं. तिथपर्यंत सरकारी नळ पोचलेलाच नाही. टेकडीवर एक झरा आहे, त्याचं पाणी एक्केचाळीस घरांनी मिळून पाइप टाकून आणलंय, आणि ती योजना गावच चालवतं. झऱ्याची देखभाल करणारा म्हातारा थकला, तेव्हा कमिटीने विचारलं, कोण बघेल? मुक्ताने हात वर केला. तेव्हापासून नऊ वर्षं दर सोमवारी ही बाई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून टेकडी चढते, झऱ्याच्या तोंडाशी वाकून बाटल्या भरते, मग खाली चार घरांच्या नळांचे नमुने घेते, सगळं बर्फाच्या डब्यात घालून ट्रलीच्या तपासणी लॅबला देते आणि परत जाताना माझ्याकडे चहाला थांबते. पाऊस असो, वादळ असो, तिची लेक स्वरांगी तापाने फणफणलेली असतानासुद्धा. गावाने तिला कधी परकी मानली नाही त्याचं कारण ते पाणी. कोणाच्या नळाला गढूळ आलं की पहिला फोन मुक्ताला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अशाच एका सोमवारी ती आली ती चहा न घेताच बोलायला लागली. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, एका शेताच्या फाटकाला प्लॅस्टिकमध्ये घातलेली नोटीस लागली होती. एका कंपनीने काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेकडे, परवानगी मागितली होती, खोल भोक पाडायची. खडकाचे नमुने काढायचे, खाली गॅस साठवता येईल का ते पाहायचं.

"फ्रॅकिंग?" मी विचारलं.

"ते नाही. ते बंद आहे इथे." जमिनीत खोलवर दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं सोडायची, खडक फोडायचा आणि गॅस वर आणायचा, हा प्रकार या देशाने दोन हजार सतरा सालीच जमिनीवर बंद केला. कंपनीने अर्जात तसं ठळक लिहिलंही होतं, आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. "पण विद्या, भोक ते भोकच ना. खाली चुनखडी आहे, आतून सगळी पोकळ. खोदताना तिकडे चिखलाचं पाणी ओतलं तर इकडे माझ्या झऱ्यात कधी येईल सांग. दोन दिवसांत? चार? आणि एकदा खराब झाला की झरा काही दुरुस्त होत नाही."

हरकत घ्यायला पाच आठवडे होते. आणि इथे मी माझं शहाणपण पाजळलं.

माझे बाबा कोथरूडला आमच्या सोसायटीचे बावीस वर्षं सेक्रेटरी. मी सभांमध्येच मोठी झाले म्हणा ना. तिथला नियम माझ्या हाडात मुरलाय, एक फ्लॅट, एक मत, आणि तेही मेंबरच्या नावाने. कोणाची बायको बोलायला उठली की बाबा अगदी गोड आवाजात विचारायचे, "वहिनी, मेंबर कोण आहेत?" वहिनी खाली बसायच्या. तेव्हा मी मुक्ताला सांगितलं, "एक्केचाळीस चिठ्ठ्या-चपाट्या कशाला? एकच भक्कम हरकत द्या, खाली सगळ्यांच्या सह्या. घरटी एक. प्रत्येकाने वेगळी फी तरी का भरायची?"

तिने विचारलं होतं. हे मला आजही टोचतं. तिने विचारलं होतं, "माझ्या नावाने देऊ?"

"वेडी आहेस का?" मी म्हटलं, "योजनेचा मेंबर कोण? घर कोणाच्या नावावर आहे?"

सगळं इंद्रनीलच्या नावावर होतं. घर, लाइटबिल, गाडी, पाण्याची मेंबरशिप. आणि त्यातला एकही फॉर्म त्याने कधी भरलेला नव्हता. मुक्ता भरायची, तो म्हणायचा, "टाक सही." पंधरा वर्षं तिने त्याची सही केली. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. आमच्या घरीही तेच चालतं.

पुढचे चार आठवडे मुक्ता घरोघर फिरली. नोरीन तिच्याबरोबर. नोरीन म्हणजे योजनेची अध्यक्ष, एकाहत्तर वर्षांची, नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी साठ गाई एकटीने सांभाळणारी. तिच्या गाई त्याच पाण्यावर. नोरीन म्हणाली होती, "मी माझं वेगळं पत्र टाकते ना, मुक्ता." मुक्ताने तिला सांगितलं, गरज नाही, एकच पुरे आहे. माझेच शब्द, फक्त इंग्रजीत. तेहतीस पानांची हरकत झाली. त्यात नऊ वर्षांचे तिचे आकडे, सोमवार न् सोमवार. शेवटी चाळीस सह्या. आणि वर पहिलं नाव इंद्रनीलचं. ऑनलाइन पाठवायच्या आधी ती त्याच्या खोलीत गेली. तो हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. तिने सांगितलं, त्याने हात हलवला, "हो हो, टाक." कौन्सिलकडून पोच आली, इंद्रनीलच्या नावाने. मुक्ताने ती प्रेसमध्ये ठेवली. प्रेस म्हणजे कपाट. इथे राहून आम्हीही तसंच म्हणायला लागलोय.

मेच्या शेवटी निकाल लागला. परवानगी मंजूर, चौदा अटींसह. ट्रक किती वाजेपर्यंत चालवायचे, आवाज किती, रस्त्यावर चिखल सांडला तर कोणी धुवायचा. झऱ्याबद्दल एक अट होती, की काम सुरू करण्याआधी कंपनीने पाण्याची एक तपासणी करावी. एक! मुक्ताने निकालाबरोबरचा अहवाल माझ्या स्वयंपाकघरात उघडला. सातव्या पानावर लिहिलं होतं, आलेल्या हरकती: एक.

"एक," मुक्ता म्हणाली. "विद्या, आम्ही एक्केचाळीस घरं आहोत."

मी म्हटलं, अगं, सह्या बघितल्या असतील त्यांनी. अपील करायला चार आठवडे होते. डब्लिनला वरचं बोर्ड आहे, तिथे सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून तपासतात. तिथे झऱ्याचं ऐकलं जाईल अशी आम्हाला खरंच आशा होती. मुक्ताने बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि दहा दिवसांत अपील लिहिलं. मी वाचलं ते. माझी नोकरी कागद वाचण्याचीच आहे, सांगते, कुठे एक शब्द हलवायला जागा नव्हती.

मग तिने फॉर्मवरची ती ओळ वाचली. अपील त्यालाच करता येतं, ज्याने आधी कौन्सिलकडे हरकत घेतली होती, आणि सोबत कौन्सिलची पोच जोडावी लागते. म्हणजे इंद्रनीलला. अख्ख्या गावात एकट्या इंद्रनीलला.

तरीही आम्हाला काळजी वाटली नाही. रविवारी जेवणं झाल्यावर तिने फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. या वेळी तिने स्वतः सही केली नव्हती, का ते तिलाही सांगता आलं नाही. इंद्रनीलने फॉर्म बाजूला सरकवला आणि म्हणाला, "मला नाही करता येणार."

झालं होतं असं. निकालाच्या आठवड्यात त्याच्या कंपनीला एक नवीन मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं, खोदकामाच्या यंत्रांवर सेन्सर बसवणारी फर्म. टेकडीपलीकडच्या खोदकामातही त्यांना काम हवं होतं, म्हणून त्या फर्मने कौन्सिलच्या वेबसाइटवरची फाइल बघितली. हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता तिथे कोणालाही दिसतो. इंद्रनीलच्या मॅनेजरने कॉलवर हसत हसत विचारलं, "हा जो माणूस आहे, तो तू नाहीस ना?" आणि इंद्रनील म्हणाला, मी नाही. बायकोने मला न विचारता माझं नाव टाकलं. मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

"तू हात हलवलास," मुक्ता म्हणाली. "मी दारात उभी होते."

"मला ऐकू आलं नव्हतं गं."

"मग आता ऐक."

"आता सही केली तर मी त्याच्याशी खोटं बोललो हे उघड होईल. मुक्ता, मागच्या वेळची सात महिन्यांची बेकारी तुला आठवतेय ना? मी पुन्हा नाही ते करू शकत."

मी दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून थेट त्यांच्याकडे गेले. मला आवरत नाही, हे मी आधीच सांगितलंय. त्याच्या खोलीत शिरले आणि तोंडावर म्हणाले, "इंद्रनील, तू भेकड आहेस. अरे, तिने तुझी आयुष्यभराची कागदपत्रं केली, तुला एक सही जड झाली?" तो उठून उभा राहिला, लाल झाला, पण आवाज चढवला नाही. "विद्या, तुझी नोकरी पर्मनंट आहे. तुला बोलायला काय जातंय," एवढंच म्हणाला. पाठीमागे दारात स्वरांगी उभी होती, चौदा वर्षांची. तिने आमचं मराठी सगळं ऐकलं आणि इथल्या केरी जिल्ह्याच्या हेलात इंग्रजीत विचारलं, "बाबा, म्हणजे ममा खोटं बोलली असं तू ऑफिसात सांगितलंस?"

मुक्ता कौन्सिलच्या ऑफिसात गेली. मी बरोबर. खिडकीवरची मुलगी चांगली होती, खरंच चांगली, तिने फाइल काढून तिन्ही बाजूंनी बघितली. पोच मुक्ताच्या नावाने बदलून देता येईल का? नाही. सह्या करणाऱ्यांपैकी कोणी अपील करू शकतं का? सह्यांची यादी म्हणजे एकच हरकत, आणि ती वरच्या नावाची. नोरीन करू शकते का? तिने वेगळं पत्र दिलं असतं तर केलं असतं. लागून जमीन असणाऱ्याला खास परवानगी मागता येते. तुमची जमीन जागेला लागून आहे का? नाही, मधे रस्ता आणि टेकडी आहे. मुलगी म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या नावाने एक ओळ जरी लिहिली असती ना..." आणि मग आमचे चेहरे बघून थांबली.

बाहेर आल्यावर मुक्ता गाडीशी उभी राहिली. मला वाटलं, आता ही माझ्यावर ओरडेल. ओरडावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "स्वतःच्या नावाने लिहायचं मला सुचलं होतं गं." बस, एवढंच. मी नको म्हटलं होतं, ते ती बोललीच नाही.

शेवटचा आठवडा कसा गेला सांगू? ती रोज सकाळी फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवायची, रोज संध्याकाळी तसाच उचलायची. रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. एकदा त्याच्या पायाशी बसली, हे तिने मला नंतर सांगितलं, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, कारण मुक्ता कोणाच्या पायाशी बसणारी बाई नाही. मी म्हटलं, "कर तूच सही! पंधरा वर्षं करतेयस, एकदा आणखी कर. कोणाला कळणारे?"

"पंधरा वर्षं त्याला विचारून केली," ती म्हणाली. "आता तो नाही म्हणालाय."

"आणि झरा?"

"झऱ्यासाठी मी काहीही करीन. पण खोटी सही केली आणि तो उद्या बोर्डाला म्हणाला, ही माझी नाही, तर? एकदा म्हणालाच आहे ना. मग गावाचं नाव खोटेपणात जाईल. नोरीनचं नाव जाईल."

तिचं बरोबर होतं, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

शेवटचा दिवस गुरुवार. डब्लिनला साडेपाचच्या आत कागद हातोहात पोचवायचा होता. गाडीने साडेचार तास, म्हणजे एक वाजता निघणं भाग. मी रजा टाकून गेले. बाराला मुक्ताने शेवटचं विचारलं. तो कॉलवर होता. ती फॉर्म आणि पेन टेबलावर ठेवून बाहेर आली, लिफाफा मागच्या सीटवर टाकला, गाडीत बसली आणि इंजिन सुरू केलं. मी तिच्या शेजारी. दोघीही दाराकडे बघत होतो. साडेबारा झाले. एक झाला. एक वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. मुक्ताचा हात गिअरवर गेला, शपथ सांगते, मी ते पाहिलं.

इंद्रनील पायरीवर आला. हातात काही नव्हतं. म्हणाला, "मुक्ता, जेवायला ये. भाजी गरम केलीय. विद्या, तूही ये."

मुक्ताने इंजिन बंद केलं. आम्ही आत गेलो नाही, आणि कुठेच गेलो नाही. अडीचपर्यंत तशाच गाडीत बसून होतो. ती एकदाच बोलली, "त्याला आता वाटतंय, संपलं एकदाचं. सुटल्यासारखा दिसला ना?" मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, दिसला होता तसा.

पुढच्या बुधवारी गावाच्या हॉलमध्ये मीटिंग होती. संध्याकाळचे सात, पण बाहेर लख्ख ऊन. सगळ्या घरांतून माणसं आली होती. लोकांना वाटत होतं, अपील गेलं, आता तारीख कळेल. मुक्ताने मला येऊ नको म्हटलं होतं, तरी मी गेले. मी तिला एकटं सोडणार नव्हते म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं. मागे चहा आणि स्कोनचे गोड पाव ठेवले होते. मी कागदी कप घेऊन तिसऱ्या रांगेत बसले.

मुक्ता उभी राहिली आणि सांगितलं. अपील गेलं नाही. हरकत एकाच नावाने गेली होती, त्या माणसाला सही करणं शक्य झालं नाही, मुदत संपली. पुढच्या महिन्यात यंत्र येईल. तिने इंद्रनीलला एका शब्दानेही दोष दिला नाही.

नोरीन उठली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मुक्ता, मी माझं पत्र द्यायला निघाले होते. तू सांगितलंस, गरज नाही. एका घरातून एकच, आणि सगळ्यांचं मिळून एक. हे तुला कोणी सांगितलं, पोरी?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं नाही. अगदी ठरवून पाहिलं नाही. "कोणी नाही," ती म्हणाली. "मलाच तसं वाटलं. माझी चूक."

मागून एक बाई म्हणाली, "जाऊ द्या, ती इथली नाही ना, तिला कसं माहीत असणार." वाईट हेतूने नव्हती म्हणाली, उलट सावरून घ्यायलाच म्हणाली. मुक्ताने मान हलवली. नऊ वर्षांत तिला त्या गावात हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं.

आणि मी, इंद्रनीलला त्याच्या घरात जाऊन भेकड म्हणणारी मी, चहाचा घोट घेतला.

मीटिंग संपली. लोक मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवून एकेक करून बाहेर पडत होते. नोरीन एकटीच खुर्च्या आवरत होती. म्हटलं, आता तरी सांगून टाकू. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, डोळे लाल झाले होते तिचे, आणि मी विचारलं, "या खुर्च्या कुठे ठेवायच्या?"

तिने बोटाने कोपरा दाखवला. मी सगळ्या खुर्च्या उचलून ठेवल्या.